सर्व्हर डाऊन आहे, उद्या या

२०२५ सालची नरक चतुर्दशी सोमवारी आली, २० ऑक्टोबरला. पहाटेचं अभ्यंगस्नान आणि फराळ आटोपून घरोघरची मंडळी जरा आडवी होण्याच्या बेतात होती. दुपारचे साडेबारा व्हायचे होते, आणि जगभरच्या लाखो फोनांवर एकदम काहीतरी बिनसलं. स्नॅपचॅटवर टाकलेला फोटो पुढे जाईना. कॅनव्हावर शुभेच्छापत्र करायला बसलेल्यांना पान उघडून मिळेना. ड्युओलिंगोचे धडे थांबले, सिग्नलवरचे संदेश अडकले, पर्प्लेक्सिटीला प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तर येईना. ब्रिटनमध्ये लॉइड्स बँकेच्या ग्राहकांना खातं दिसेनासं झालं आणि तिथल्या सरकारी कर खात्याचं संकेतस्थळही अडखळलं. अमेरिकेत रिंग कंपनीच्या दारावरच्या घंटा मुक्या झाल्या. एट स्लीप नावाची कंपनी इंटरनेटवरून तापमान बदलणारे पलंग विकते. ते पलंग मध्यरात्री होते त्याच तापमानाला अडकले आणि काही लोक घामाघूम होऊन उठले.

एकमेकांशी सुतराम संबंध नसलेल्या या गोष्टी एका दमात बंद पडल्या, कारण त्या सगळ्यांचा पाया एकच होता: अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्याच्या उत्तरेला असलेला ॲमेझॉन कंपनीचा संगणकांचा मोठा समूह. ॲमेझॉनने आपले संगणक भाड्याने द्यायला २००६ साली सुरुवात केली, तेव्हापासूनचा हा सगळ्यात जुना समूह. नेमकं काय बिघडलं, याचा सविस्तर अहवाल कंपनीने नंतर प्रसिद्ध केला. तो समजून घेण्यासारखा आहे.

इंटरनेटवरच्या प्रत्येक सेवेला एक नाव असतं, आणि त्या नावावरून यंत्राचा पत्ता सांगणारी एक नोंदवही असते. डीएनएस म्हणतात ती हीच. ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसचे पत्ते सतत बदलत असतात, म्हणून ते लिहिण्याचं काम माणसं करत नाहीत, स्वयंचलित प्रोग्रॅम करतात. एकाने काम सोडलं तर दुसरा असावा, म्हणून एकाच कामाला असे अनेक प्रोग्रॅम लावलेले होते. त्या दिवशी त्यांतला एक काही कारणाने रेंगाळला. दरम्यान दुसऱ्याने नवे पत्ते लिहिलेसुद्धा. मग मागे राहिलेल्याने आपल्या हातातली जुनी यादी त्या नव्या यादीवर चढवली. दुसरा तेव्हा साफसफाईला लागला होता. ही यादी जुनी आहे, हे त्याने ओळखलं आणि ती पुसून टाकली. नोंदवहीत त्या नावापुढची जागा कोरी राहिली.

यंत्रं धडधाकट होती, वीज होती, कुणाचा डेटाही हरवलेला नव्हता. हरवला होता तो फक्त पत्ता. तो पुन्हा लिहायला अडीच तासांहून थोडा जास्त वेळ लागला. पण तोवर अडकून पडलेल्या कामांचा ढीग एवढा झाला होता, की सगळं सुरळीत झाल्याचं कंपनीने जाहीर केलं तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन वाजून गेले होते. लक्ष्मीपूजनाचा दिवस लागला होता.

या घटनेतली सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे आपण व्हर्जिनियावर अवलंबून आहोत, हे अनेक कंपन्यांना त्या दिवशीच कळलं. त्यांनी आपले संगणक युरोपात किंवा आशियात भाड्याने घेतले होते. पण ओळख पटवणं, परवानगी देणं यांसारखी काही कामं आतल्या आत त्या जुन्या समूहाकडेच जात होती. ज्याच्या खांद्यावर आपण उभे आहोत तो खांदा कुणाचा, हे ज्यांचा धंदाच संगणकाचा आहे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग फोनवरून वीजबिल भरणाऱ्या आजोबांना कसं ठाऊक असेल?

महाराष्ट्रात हा खांदा डोळ्यांनी बघता येतो. ठाण्याहून बेलापूरकडे जाताना ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात, एकेकाळी रासायनिक कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या एमआयडीसीत, आता अवाढव्य आणि जवळजवळ बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत. बाहेरून गोदामासारख्या वाटतात, पण गोदामाला असतो तसा मालाच्या ट्रकांचा राबता तिथे नाही. उंच कुंपण, दारावर कडक पहारा, मागच्या अंगाला ओळीने मांडलेली डिझेल जनित्रं आणि गच्चीवर गारवा पुरवणारी यंत्रं. आत संगणकांनी भरलेल्या कपाटांच्या रांगा असतात. दोन रांगांमधल्या एका बोळात गार हवा सोडतात, पलीकडच्या बोळातून तापलेली हवा ओढून घेतात. एवढ्या मोठ्या इमारतीत माणसं मोजकीच. मुंबईत चांदिवलीला अशी केंद्रं, म्हणजे डेटा सेंटरं, आहेत. पनवेलला हिरानंदानी समूहाचं एक मोठं केंद्र २०२० साली सुरू झालं. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथून सेवा सुरू केली, ॲमेझॉन २०१६ मध्ये आणि गूगल २०१७ मध्ये मुंबईत आलं. जानेवारी २०२५ मध्ये दावोसला ॲमेझॉनने महाराष्ट्र सरकारबरोबर ८.३ अब्ज डॉलर गुंतवणुकीचा करार केला, तोही याच कामासाठी.

मुंबईच का? पहिलं कारण समुद्र. परदेशातून येणाऱ्या तारा समुद्राच्या तळावरून येतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जमिनीला लागतात. मुंबईला ही भूमिका नवी नाही. १८७० साली ग्रेट ईस्टर्न या प्रचंड जहाजाने मुंबई ते एडन अशी तारायंत्राची तार समुद्रात अंथरली आणि मुंबई लंडनशी जोडली गेली. आजच्या तारा काचेच्या आहेत, पण वाट बरीचशी तीच, अरबी समुद्र आणि तांबडा समुद्र. म्हणूनच ६ सप्टेंबर २०२५ रोजी तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ तारा तुटल्या, तेव्हा भारतातही इंटरनेट मंदावलं आणि मायक्रोसॉफ्टला आपल्या ग्राहकांना विलंबाची सूचना द्यावी लागली. दुसरं कारण बँका आणि शेअर बाजार इथे आहेत हे. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने आर्थिक व्यवहारांचा डेटा भारतातच साठवला पाहिजे असा आदेश काढला, आणि देशात अशा इमारती बांधण्याला मोठा जोर आला.

या इमारती वीज पितात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी ४१५ टेरावॉट-तास, म्हणजे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण विजेचा तो सुमारे दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीच्या वर जाईल, असा त्यांचाच अंदाज आहे. फोनमधला फोटो कुठेतरी वर आपोआप राहतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा महाप्याच्या रस्त्याने चक्कर मारावी.

*

ज्यांना क्लाउड म्हणतात त्या भाड्याच्या संगणकांकडे सगळे वळले, त्यात खुळेपणा नव्हता. पूर्वी एखाद्या पतसंस्थेला किंवा छोट्या कंपनीला आपलं सॉफ्टवेअर चालवायचं तर संगणक विकत घ्या, वातानुकूलित खोली करा, रात्रीअपरात्री धावत येईल असा माणूस पगारावर ठेवा, इतकी यातायात होती. आता लागेल तेवढं भाड्याने घ्यायचं आणि वापरलं तेवढ्याचेच पैसे द्यायचे. कोविडच्या काळात लसीकरणाची नोंद ठेवणारं कोविन हे सरकारी व्यासपीठ अशाच भाड्याच्या संगणकांवर चाललं. २८ एप्रिल २०२१ रोजी अठरा वर्षांवरच्यांसाठी नोंदणी खुली झाली, तेव्हा पहिल्या काही मिनिटांत ते कोलमडलं हे खरं. पण त्याच दिवशी एक कोटीहून जास्त लोकांची नोंद त्याने करून घेतली आणि पुढे दोनशे कोटींहून अधिक डोसांचा हिशेब ठेवला. स्वतःच्या खोलीतले संगणक ठेवून हे झालं नसतं.

अडचण पुढे सुरू होते. भाड्याने देणाऱ्यांत तीनच बडे आहेत, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल. जगातला साठ टक्क्यांहून जास्त बाजार या तिघांकडे आहे. त्यांच्याकडून घेऊन पुढे पुरवणारे छोटे छोटे ठेकेदारही असतात. त्यामुळे वरवर शंभर वाटा दिसतात आणि खाली त्या दोन-तीन पुलांवरूनच जातात.

अशाच एका पुलाचा प्रत्यय ३१ जुलै २०२४ रोजी आपल्या सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या खातेदारांना आला. स्टेट बँक आणि टाटा कन्सल्टन्सी यांनी मिळून काढलेली सी-एज ही कंपनी देशभरच्या छोट्या बँकांना संगणकीय सेवा पुरवते. तिच्या यंत्रणेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. लागण पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, सी-एजचा संपर्कच तोडून टाकला. निर्णय बरोबर होता. पण त्या एका निर्णयाने सुमारे तीनशे बँकांचे खातेदार यूपीआयला आणि एटीएमला मुकले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. देशाच्या एकूण उलाढालीत या बँकांचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असल्याने वर्तमानपत्रांनीही विषय लवकर सोडला. मात्र ज्याचं एकुलतं एक खातं त्या तीनशेंपैकी एका बँकेत होतं, त्याच्यासाठी तो दिवस अर्ध्या टक्क्याचा नव्हता.

पुढची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण तिथे बिघाड नव्हताच.

नायरा एनर्जी या कंपनीचं मुख्यालय मुंबईत आहे. गुजरातमध्ये वाडिनारला तिचा वर्षाला दोन कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे आणि देशभर साडेसहा हजारांच्या आसपास पेट्रोलपंप आहेत. कंपनीत रशियाच्या रॉसनेफ्टचा ४९.१३ टक्के हिस्सा. १८ जुलै २०२५ रोजी युरोपीय संघाने रशियावरच्या निर्बंधांत नायराचंही नाव घातलं. चार दिवसांत मायक्रोसॉफ्टने नायराच्या सेवा थांबवल्या. कर्मचाऱ्यांच्या आउटलुकच्या मेलपेट्या आणि टीम्सवरच्या बैठका बंद झाल्या. हे निर्बंध भारताने लावलेले नव्हते, संयुक्त राष्ट्रांचेही नव्हते. परवान्यांचे पैसे भरलेले होते. शिवाय ती पत्रं आणि त्या फायली नायराच्याच होत्या, तरी दाराची किल्ली दुसऱ्याकडे होती.

कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. दरम्यान काम तर थांबवता येत नव्हतं, म्हणून तिने पत्रव्यवहार रेडिफमेलवर नेला. वाचकांपैकी अनेकांचा आयुष्यातला पहिला ईमेल पत्ता याच मुंबईकर कंपनीचा असेल, तीच ती रेडिफ. खटला उभा राहताच, ३० जुलैला, मायक्रोसॉफ्टने सेवा पुन्हा सुरू केल्या. आठवड्याभराचा मामला मिटला. पण देशाच्या शुद्धीकरण क्षमतेचा सुमारे आठ टक्के भार वाहणाऱ्या कंपनीचा पत्रव्यवहार ब्रुसेल्समधल्या एका ठरावाने बंद पडू शकतो, हे दिल्लीत सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतरच्या महिन्यांत केंद्र सरकारच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांची मेल झोहो या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर गेल्याच्या बातम्या आल्या आणि केंद्रीय गृहमंत्र्यांनी आपला नवा झोहोचा पत्ता जाहीर केला.

हे पाऊल योग्य आहे, पण पुरेसं नाही. किल्ली परक्याच्या हातून आपल्या माणसाच्या हाती आली तरी किल्ली एकच राहते. हे पटण्यासाठी दक्षिण कोरियाकडे पाहावं. त्या देशाने आपला डेटा स्वतःच्या सरकारी केंद्रातच ठेवला होता. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातल्या त्या केंद्रात लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली आणि सहाशेहून अधिक सरकारी सेवा बंद पडल्या. टपाल, ओळखपत्रं, कितीतरी गोष्टी. सरकारी कर्मचाऱ्यांनी आपापली कागदपत्रं ठेवायची जागा जी-ड्राइव्ह नावाने ओळखली जायची. तिच्यात ८५८ टेराबाइट डेटा होता आणि आकार फार मोठा म्हणून त्याची दुसरी प्रत बाहेर कुठेच ठेवलेली नव्हती. ते सगळं जळून गेलं.

याच्या उलट उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. मे २०२४ मध्ये तिथल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचं खातं गूगलच्या यंत्रणेतून चक्क पुसलं गेलं. खातं उघडताना एक रकाना कोरा राहिला होता, आणि कोरा रकाना म्हणजे एका वर्षाने बंद करायचं खातं, असा अर्थ यंत्रणेने लावला. सहा लाखांच्या वर सभासदांना आपली जमापुंजी आठवडाभर दिसेना. गूगलच्या क्लाउड विभागाच्या प्रमुखांनी निधीच्या प्रमुखांबरोबर संयुक्त निवेदन काढून चूक मान्य केली. सभासदांचे पैसे सुरक्षित राहिले. सावरायला मदत झाली ती एका जुन्या पद्धतीच्या सावधपणाची: युनिसुपरने आपल्या डेटाची एक प्रत दुसऱ्याच कंपनीकडे ठेवली होती. त्यासाठी दरवर्षी जास्तीचे पैसे मोजले होते. ताळेबंद बघणाऱ्या कुणालातरी तो खर्च वायफळ वाटला असेल, आणि तरीही कुणीतरी तो चालू ठेवला. नाव ठाऊक नसलेल्या त्या माणसाबद्दल आदर वाटतो.

*

संगणक भाड्याचे झाले, त्याचबरोबर शोधणंही पराधीन झालं. हे परावलंबन इतकं रोजचं आहे की ते जाणवतसुद्धा नाही. लासलगावचा आजचा कांद्याचा भाव, गाडीचं वेळापत्रक, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीचा उपयोग, सत्यनारायणाच्या पूजेचं साहित्य, सगळं एकाच पांढऱ्या चौकटीत विचारायचं आणि वर येईल ते पहिलं उत्तर घ्यायचं. ती चौकट बहुतेकांच्या फोनवर आपोआप गूगलची असते, आणि तीही फुकट झालेली गोष्ट नाही. अमेरिकेतल्या खटल्यात उघड झाल्याप्रमाणे फोन आणि ब्राउझरमध्ये आपलीच चौकट आधीपासून असावी म्हणून गूगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर वाटले. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने ही बेकायदा मक्तेदारी असल्याचा निकाल दिला.

या सवयीने स्मरणशक्ती जाते का? बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांचा २०११ सालचा एक शोधनिबंध याबाबत सारखा पुढे केला जातो. जे संगणकात साठवलं जाणार आहे असं माणसांना वाटतं ते ती लक्षात ठेवत नाहीत, कुठे ठेवलं तेवढं मात्र लक्षात ठेवतात, असा त्याचा रोख होता. पण त्यातला एक प्रयोग २०१८ मध्ये इतर संशोधकांनी पुन्हा करून पाहिला तेव्हा तो परिणाम मिळाला नाही. तेव्हा माणसं विसराळू झाली म्हणून गळा काढायचं कारण नाही. झालेला बदल वेगळा आहे: शेजाऱ्याला विचारायची सवय गेली.

जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक गाडी अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या अंधारात थेट पाण्यात गेली. फोनवरच्या नकाशाने जवळची वाट दाखवली होती. त्या वाटेवरचा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या फुगवट्याखाली गेलेला होता. दोघे जण पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ तिघांची गाडी रामगंगेवरच्या पुलावरून खाली कोसळली आणि तिघेही दगावले. पुराने त्या पुलाचा पुढचा भाग वाहून नेला होता. दोन्ही ठिकाणी ही गोष्ट आसपासच्या पोराटोरांनाही माहीत होती. रस्त्यात गाडी थांबवून, काच खाली करून, ‘दादा, हा रस्ता पुढे जातो का?’ एवढं विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. अर्थात दोष मेलेल्यांचा नाही. बंद पुलाच्या तोंडाशी अडथळा नि पाटी लावणं हे ज्यांचं काम होतं, त्यांनीही जणू ते काम नकाशावर सोपवलं होतं.

खोट्या नंबरांचा सापळा याच सवयीवर लावला जातो. गॅस येत नाही, पैसे कापले पण तिकीट निघालं नाही, की माणूस कंपनीचं नाव लिहितो आणि पुढे ‘कस्टमर केअर नंबर’ टाकतो. वर येणारा नंबर कंपनीचाच असेल असं गृहीत असतं. पण नकाशावरच्या दुकानाचा किंवा बँकशाखेचा नंबर कुणीही दुरुस्ती म्हणून सुचवू शकतो, आणि २०१८ मध्येच महाराष्ट्रात बँकेच्या शाखांचे नंबर अशा तऱ्हेने बदलून लोकांना लुबाडल्याच्या तक्रारी सायबर पोलिसांकडे आल्या होत्या. पलीकडचा आवाज गोड असतो. तो एक ॲप घ्यायला सांगतो, त्याने तुमची स्क्रीन त्याच्या समोर उघडी होते. अशा ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये बँकांना सावध केलं होतं. फसवणूक झाल्यावर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. आणि मुळात नंबर पासबुकावर, एटीएम कार्डाच्या मागे, बिलावर छापलेला असतो. तोच वापरावा.

आता तर चौकट नुसते दुवे दाखवत नाही, उत्तरच लिहून देते. भारतात ही सोय ऑगस्ट २०२४ मध्ये आली. त्याआधी अमेरिकेत ती सुरू होताच पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून त्यात गोंद घाला, असा सल्ला तिने दिला होता. कुणीतरी कधीकाळी थट्टेने लिहिलेलं वाक्य तिने खरं मानलं. इंग्रजीत अशा चुकीवर लगेच बोट ठेवणारे लाखो असतात. मराठीत मजकूरच थोडा, आणि तपासणारे त्याहून थोडे. फवारणीचं प्रमाण किंवा बाळाच्या औषधाचा डोस तिथून उचलण्यात मोठा धोका आहे, आणि मराठी वाचकाला हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

*

या सगळ्याचं ओझं शेवटी कुणाच्या डोक्यावर येतं, ते बघायचं तर जूनमध्ये तालुक्याच्या कुठल्याही महा ई-सेवा केंद्रात जाऊन तासभर उभं राहावं. दहा बाय बाराचा गाळा, दोन संगणक, एक प्रिंटर, बोटाचा ठसा घ्यायचं छोटं यंत्र, भिंतीवर दरपत्रक. बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि खुर्च्यांपेक्षा तिप्पट माणसं. प्रत्येकाच्या हातात चेन लावायची फाइल आणि तिच्यात आधार, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला यांच्या झेरॉक्स. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, रहिवासी, जातीचा दाखला, प्रवेशासाठी सगळं एकाच महिन्यात लागतं. आत बसलेला तरुण चक्र फिरताना बघत असतो. मग तो मान वर न करता ती वाक्यं बोलतो, जी महाराष्ट्रात आता सगळ्यांना पाठ आहेत: ‘ओटीपी येत नाहीये.’ ‘आजींचा थंब लागत नाही.’ ‘साइट स्लो आहे.’ आणि शेवटी, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’

तो खोटं बोलत नसतो आणि त्याच्या हातातही काही नसतं. पण उद्या या म्हणजे एक रोज बुडाला, एसटीचं भाडं पुन्हा पडलं, मुलीला पुन्हा कॉलेजातून रजा. शेतकऱ्यांच्या बाबतीत ई-पीक पाहणीचं असंच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या ॲपमध्ये शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात उभं राहून पिकाचा फोटो चढवायचा. कल्पना चांगली आहे, तलाठ्याने घरबसल्या पीक लिहिण्यापेक्षा शेकडो पटीने चांगली. मात्र मुदत संपत आली की सगळे एकदम चढतात, ॲप बसतं आणि मुदतवाढीची मागणी होते. मुदतवाढ मिळतेही, पण ती मिळेल की नाही हे शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही. नोंद राहिली तर नुकसानभरपाईच्या वेळी सातबाऱ्यावर पीकच नसतं.

२०२५ मध्ये अकरावीच्या प्रवेशाचंही हेच झालं. आधी केवळ मोठ्या शहरांपुरती असलेली केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया त्या वर्षी पहिल्यांदा संपूर्ण राज्याला लागू केली, नऊ हजारांहून जास्त महाविद्यालयांसाठी. २१ मे रोजी नोंदणी सुरू व्हायची होती. संकेतस्थळ त्याच दिवशी बसलं आणि नोंदणी २६ मेपर्यंत पुढे ढकलावी लागली. गर्दी होणार हे माहीत होतं. दहावीला किती मुलं उत्तीर्ण झाली हा आकडा सरकारनेच जाहीर केला होता. गर्दीच्या दिवशी जास्त संगणक घ्यायचे आणि गर्दी ओसरली की परत करायचे, हाच तर भाड्याच्या संगणकांचा मुख्य फायदा. सार्वजनिक क्लाउड वापरण्याचं धोरण महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केलं होतं. त्यामुळे अशा वेळी तंत्रज्ञानाला दोष देणं सोपं असलं तरी चूक आहे. नियोजन झालेलं नसतं.

आणि यंत्रणा बंद पडलीच तर काय करायचं, हेही ठरलेलं नसतं. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले, तेव्हा भारतातल्या विमानतळांवर इंडिगोच्या कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना हाताने लिहून बोर्डिंग पास दिले. विमानं उशिरा गेली, बरीच रद्दही झाली, पण अनेक जण पोहोचले. पेन, कोरा कागद आणि हाताने लिहिलेलं ग्राह्य धरा असा आदेश, एवढ्यावर ते भागलं. तहसील कचेरीत, सेवा केंद्रात, रेशन दुकानात असा आदेश आधीपासून का असू नये?

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. उत्पन्नाचा दाखला किती दिवसांत मिळायला हवा, हे त्याखाली ठरवून दिलेलं असतं. उशीर झाला तर अपील करता येतं, आणि अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. कायदा चांगला आहे. पण त्यातले दिवस अर्ज मिळाल्यापासून मोजले जातात, आणि अर्ज मिळाल्याचा पुरावा म्हणजे संगणकाने दिलेली पावती. सर्व्हर बंद असेल तर पावती नाही, पावती नाही तर अर्जच नाही. सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारी हेलपाटा घालून गुरुवारी ज्या बाईचा अर्ज चढला, तिचे तीन दिवस या कायद्याच्या लेखी घडलेच नाहीत. म्हणून मागणी साधी आहे. यंत्रणा बंद असेल त्या दिवशी केंद्रचालकाने आलेल्या प्रत्येकाला तारीख, वेळ आणि कामाचं नाव लिहून शिक्क्याची चिठ्ठी द्यावी. तिचा अनुक्रमांक एका वहीत नोंदवावा. प्रवेशाची, पीक नोंदणीची, केवायसीची मुदत त्या चिठ्ठीच्या तारखेने धरावी, आणि लोकसेवा हक्काचे दिवसही तिथूनच मोजावेत. यासाठी नवा कायदा लागत नाही. नियमांत दुरुस्ती, एक शासन निर्णय आणि प्रत्येक केंद्राला एक चिठ्ठीपुस्तक एवढंच लागतं, आणि ते पुढच्या जूनच्या आत होऊ शकतं.